हमालांची पोरं

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा जुन्नर-आंबेगावात शिवज्योतींचा. शिवनेरीवर मशाल पेटवायची, आळीपाळीने हातात घ्यायची आणि धावत आपल्या गावच्या वेशीत आणायची. घोडेगावहून डिंभ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या गारठ्यात अशी एखादी ज्योत समोरून आली, की गाडी बाजूला घेऊन थांबावंसं वाटतं. धावणाऱ्या पोरांच्या तोंडातून वाफ निघत असते, मागच्या टेम्पोत पाण्याचे जार आणि लहान भावंडं असतात. ज्या राजाने कोकणच्या किनाऱ्यावर आरमार उभं केलं, तो जन्मला समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्याच्या या बाजूला. नाणेघाटातला दगडी रांजण सांगतो, की दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने वर चढत होता. आणि २ सप्टेंबर २०२२ पासून भारतीय नौदलाच्या निशाणावर जो अष्टकोन आहे, तो शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. तेव्हा समुद्राचं आम्हा डोंगरातल्या माणसांना काय, असं म्हणून या मुलखाला सुटता येणार नाही.

१९ तारखेला ज्योती निघतात. आदल्या दिवशी, १८ तारखेला, काहीच होत नाही. यंदा त्या दिवसाला ऐंशी वर्षं झाली.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी सकाळचं जेवण नाकारलं. डाळीत खडे, भाकरीला वास, आणि तक्रार केली की शिव्या. याआधीच बलाईचंद्र दत्त या तरुण खलाशाला केंद्राच्या भिंतीवर ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’ लिहिल्यावरून अटक झाली होती. केंद्राचा प्रमुख कमांडर किंग याने ८ फेब्रुवारीला खलाशांना ज्या शिव्या घातल्या, त्यांतल्या दोन आम्हाला कधीच विसरता येत नाहीत. एक, हमालांची पोरं. दुसरी, जंगल्यांची पोरं.

किंगला ठाऊक नव्हतं, पण या दोन शब्दांत त्याने आमच्या दोन्ही तालुक्यांची जनगणना केली होती. घाटावरचा कोरडवाहू शेतकरी मुंबईत जाऊन गिरणीत, गोदीत, भायखळ्याच्या मंडईत पाठीवर ओझी वाहत होता, आणि आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांना सरकारी कागद जंगलीच समजत होते. दुसऱ्या महायुद्धाआधी दोन हजारांच्या आत असलेलं हे नौदल युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेलं होतं. ही वाढ सरदार-जहागीरदारांच्या मुलांतून झालेली नव्हती. देशभरातली चार बुकं शिकलेली, पोटाच्या मागे निघालेली गरिबांची पोरं त्यात भरती झाली होती. त्यांना वायरलेस शिकवला, रडार शिकवलं, तोफा शिकवल्या, लोकशाहीसाठी लढा म्हणून सांगितलं. लढाई संपल्यावर तीच पोरं हमालांची निघाली.

नौदलाचा युद्धकाळ लिहिताना लोक जहाजांची वजनं मोजतात, तोफांचे व्यास मोजतात, ॲडमिरलांचे पुतळे मोजतात. आमचं म्हणणं असं, की बंदराचा युद्धकाळ भटारखान्यातून आणि बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाने वाचावा. तसा वाचला तर मुंबईची सख्खी बहीण सापडते ती थेट जर्मनीत, बाल्टिक समुद्राच्या काठावर. तिचं नाव कील.

या दोन बंदरांची एकदा गाठही पडली आहे. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ‘वोल्फ’ नावाचं जर्मन जहाज कीलहून निघालं. दिसायला मालवाहू, पोटात मात्र पाणसुरुंग. आफ्रिकेचं टोक ओलांडून ते हिंदी महासागरात आलं आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबो आणि मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले. स्वतः कधीच निघून गेलं. पेरलेलं उगवलं पावसाळ्याच्या तोंडावर. २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही टपालाची बोट मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर त्यांतल्या एका सुरुंगावर आदळून बुडाली. ‘वोल्फ’ ४५१ दिवसांनी, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी, कीलला परतली. तिचं मोठं स्वागत झालं. पण ज्या शहराने हे स्वागत केलं, तिथले खलाशी तोवर उपाशी होते.

कील १८७१ पासून जर्मन साम्राज्याचं युद्धबंदर. कैसरच्या आरमारामुळे ते वाढलं; गोद्या आल्या, कालवा आला, चाळींसारख्या कामगार वस्त्या आल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी समुद्राची नाकेबंदी केली आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन माणूस बटाटा संपल्यावर गुरांना घालायच्या सलगमावर जगला. युद्धनौकांवरही तेच. एकाच जहाजात, एका पोलादी भिंतीच्या अलीकडे खलाशांच्या ताटात सलगम आणि पलीकडे अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांस. ऑगस्ट १९१७ मध्ये खलाशांनी जेवण आणि रजा यांवरून जहाज सोडून किनाऱ्यावर जाण्याचं धाडस केलं. त्याबद्दल माक्स राइखपिच आणि आल्बिन कोबिस या दोघांना ५ सप्टेंबर १९१७ रोजी गोळ्या घातल्या. कोबिस हा बॉयलरवरचा माणूस होता.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनी युद्ध हरली, हे सगळ्यांना दिसत होतं. सरकारने तहाची बोलणीही लावली होती. आणि २४ ऑक्टोबर १९१८ रोजी नौदलाच्या सेनापतींनी सरकारला न विचारता आरमाराला शेवटच्या लढाईचा हुकूम दिला. आरमाराची लाज राखायची म्हणून हजारो पोरं बुडवायची, असा त्याचा सरळ अर्थ खलाशांना कळला. विल्हेल्म्सहाफेनबाहेर नांगरलेल्या ‘ट्युरिंगेन’ आणि ‘हेल्गोलांड’ या युद्धनौकांवर बॉयलरवाल्यांनी भट्ट्या विझवल्या. जहाज कितीही मोठं असो, खाली कोळसा टाकणाऱ्याने फावडं ठेवलं की ते लोखंडाचा ढीग असतं. शेकडो जणांना अटक झाली. जहाजांची एक तुकडी कीलला पाठवली, वाटेत आणखी ४७ जण तुरुंगात टाकले. तिथे ३ नोव्हेंबरला खलाशी आणि गोदी कामगार यांचा मोर्चा निघाला, त्यावर गोळीबार झाला, किमान सात जण मेले. दुसऱ्या दिवशी शहर खलाशांच्या हातात होतं.

त्यांनी जी चौदा कलमं मांडली, ती आजही वाचण्यासारखी आहेत. त्यात राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी आहे, काही झालं तरी आरमार बाहेर पडू नये अशी मागणी आहे, आणि त्याच ओळीत, तेवढ्याच ठामपणे, अधिकाऱ्यांनी शिपायांशी नीट वागावं अशीही मागणी आहे. ९ नोव्हेंबरला कैसर पायउतार झाला. ११ तारखेला युद्ध थांबलं.

आता परत कुलाब्याला येऊ. १९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वर खलाशांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. एक मुसलमान, एक शीख. बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरलं आणि एकाच डोलकाठीवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तिन्ही झेंडे चढले. सहाच महिन्यांनी कोलकात्याच्या हिंदू-मुस्लिम दंगलीत काय झालं हे ठाऊक असलेल्या आम्हा लोकांना या डोलकाठीची आठवण अजूनही घशात अडकते. मागण्यांची यादी कीलच्या यादीशेजारी ठेवून पाहावी: जेवण नीट द्या, गोऱ्या खलाशाइतका पगार द्या, किंगवर कारवाई करा, आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा. खड्याच्या डाळीपासून इंडोनेशियापर्यंत! ताटात काय पडतं आणि आपल्या बंदुका कुणाच्या छातीवर रोखल्या जातात, हे प्रश्न त्या विशी-बाविशीच्या पोरांना वेगळे वाटत नव्हते. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार खलाशी संपात उतरले. कराचीत ‘हिंदुस्तान’ या जहाजावर तोफांची लढाई झाली.

२१ तारखेला सकाळी फोर्टातल्या कॅसल बराक्सला ब्रिटिश फौजेने वेढा दिला आणि गोळीबार सुरू झाला. नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली, की अख्खं नौदल नष्ट करावं लागलं तरी चालेल. बराकीचं आणि जहाजांचं अन्नपाणी तोडलं होतं. ही बातमी शहरात पसरली आणि मग जे झालं, त्यासाठी खरं तर हा अग्रलेख लिहायला घेतला.

लोक गेटवेवर आले. पाट्या घेऊन आले. फळं, दूध, पाव, भाजी, ज्याच्या घरी जे होतं ते. युद्धाची टंचाई संपलेली नव्हती, शिधापत्रिकेवर मोजून धान्य मिळत होतं, त्या मोजलेल्या धान्यातलं हे. जहाजांवरून मचवे धक्क्याला लागत, लोक पाट्या खाली देत. पहाऱ्याला हिंदी शिपाई ठेवले होते, खांद्यावर रायफली. त्यांनी लोकांना अडवलं नाही. काहींनी पाट्या होडीत चढवायला हात लावला. तीन दिवसांपूर्वी ज्यांनी सरकारचं ताट दूर सारलं होतं, त्यांना आता मुंबई जेवू घालत होती.

गोदीच्या माणसांना हे युद्ध काय आहे हे पेपरातून कळलेलं नव्हतं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकत्र होती. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान गेले, शेकडो माणसं गेली, मांडवीची गोदामं दिवसच्या दिवस जळत राहिली, आणि सरकारच्या सेन्सॉरने बातमी काही आठवडे दाबून ठेवली. ओझी वाहणाऱ्यांच्या वाट्याला आलेला हा युद्धकाळ. त्या मुंबईला खलाशांच्या बाजूने उभं राहायला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली, अरुणा असफ अलींनी पाठिंबा दिला. काँग्रेस आणि लीग या दोन्हींच्या नेत्यांनी कामावर जा म्हणून सांगितलं. सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांचे भोंगे झाले, पण यंत्रं फिरली नाहीत. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत चिलखती गाड्या घुसल्या आणि माणसांच्या दिशेने सरळ गोळ्या सुटल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून गेली. केईएमच्या दारात जखमींची रांग लागली. दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली, हजाराच्या वर जखमी झाली. गणवेशातले खलाशी त्या मानाने थोडे मेले. खलाशांसाठी मुंबईचा रस्ता मेला.

२३ तारखेला सकाळी जहाजांवर काळे झेंडे चढले. सरदार पटेलांनी शरण जायचा सल्ला दिला होता आणि कुणावर सूड उगवला जाणार नाही यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असं सांगितलं होतं. संप समितीने जाहीर केलं, की आपण शरण जातो ते हिंदुस्थानच्या जनतेला, ब्रिटिशांना नव्हे.

सरदारांची बाजू आम्ही हलकी लेखत नाही. उद्या स्वतंत्र होणाऱ्या देशाला शिस्तीचं लष्कर लागणार होतं, आणि एकदा सैनिकाने हुकूम मोडायचं ठरवलं की तो पुढे कुणाकुणाचा मोडेल, ही धास्ती खोटी नव्हती. महात्माजींनाही या उठावातली हिंसा मान्य नव्हती. पण शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही. ४७६ खलाशांना काढून टाकलं. १५ ऑगस्ट १९४७ उजाडला, तिरंगा चढला, आणि तरीही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. इकडेही नाही आणि पाकिस्तानातही नाही. शिस्तीच्या युक्तिवादाने फेब्रुवारी १९४६ चा निर्णय समजू शकतो. ऑगस्ट १९४७ नंतरचा समजत नाही. ज्या निशाणासाठी त्यांनी नोकरी घालवली, त्याच निशाणाखाली त्यांना नोकरी नव्हती.

कीललाही आपल्या खलाशांना जवळ करायला वेळ लागला. त्यांच्या उठावाला नाझींनी पाठीत खुपसलेला खंजीर म्हटलं. शहरात खलाशांचं शिल्प उभं राहिलं ते १९८२ मध्ये, चौसष्ट वर्षांनी, आणि तेव्हाही शहरात कडाक्याचा वाद झाला. रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकाला ‘कीलच्या खलाशांचा चौक’ हे नाव मिळालं २०११ मध्ये. ज्या ॲडमिरल शेअरच्या कारकिर्दीत १९१८ चा तो हुकूम निघाला, त्याच्या नावाची पुढच्या युद्धात एक मोठी युद्धनौका होती. ९ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश बाँबहल्ल्यात ती कीलच्याच बंदरात उलटी झाली. युद्ध संपल्यावर तिचा काही भाग भंगारात गेला, आणि उरलेल्या सांगाड्यावर शहराच्या ढिगाऱ्याचे दगडविटा ओतून ती गोदी बुजवून टाकली. ॲडमिरल जमिनीखाली आणि कोळसा टाकणारे चौकाच्या पाटीवर, असा त्या शहराचा हिशेब अखेर लागला.

आपल्याकडे अगदीच काही झालं नाही असं नाही. कुलाब्यात नाविक उठावाचं स्मारक आहे. २६ जानेवारी २०२२ च्या संचलनात नौदलाने आपल्या चित्ररथावर १९४६ चा उठाव दाखवला, हे त्या दलाच्या मोठेपणाचं आम्हाला वाटतं, कारण स्वतःच्या अवज्ञेचा इतिहास मिरवणं कुठल्याच सैन्याला सोपं नसतं. पण या स्मारकात आणि या चित्ररथात खलाशी आहेत. २२ फेब्रुवारीचा रस्ता त्यात नाही. पाट्या घेऊन गेटवेवर गेलेले नाहीत, डिलाईल रोडवर पडलेले नाहीत.

आणि इथे डिंभ्याचा संबंध येतो. घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू सैद महाळुंगे पडवळचा, आपल्याच तालुक्यातला. मुंबईत गिरणीत कामाला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय बावीस. त्याचं नाव आपण साडेतेरा टीएमसी पाण्याला दिलं, हे योग्यच केलं. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांतून ते नाव नगर-सोलापूरच्या शेतांपर्यंत जातं. पण बाबू गेनू एकटा नव्हता. गावकीच्या एका खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, एकाच खानावळीत जेवायची, त्यांतला तो एक. १९३० साली त्या खोलीतला एक जण रस्त्यावर आडवा झाला, सोळा वर्षांनी अख्ख्या खोल्याच्या खोल्या खाली उतरल्या. पहिल्याचं नाव आहे. दुसऱ्यांची शोधावी लागतील.

ती अजून शोधता येतील असं आम्हाला वाटतं, आणि ते काम सरकारच्या भरवशावर सोडण्यासारखं नाही. गिरणीचा बिल्ला, गोदीचा पास, गावकीच्या खोलीची वर्गणीची वही, मुंबईहून आलेली पोस्टकार्डं, घरच्या देवाच्या फळीमागे ठेवलेला एखादा फोटो. आंबेगाव आणि जुन्नरच्या शाळांनी या महिन्यात एकच करावं: मुलांना घरी विचारायला लावावं, की १९४६ साली आपल्या घरचं मुंबईत कोण होतं. घोडेगाव आणि मंचरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी ती उत्तरं एका वहीत घ्यावीत. मुंबईतल्या वृत्तपत्रांचे जुने अंक आणि रुग्णालयांच्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहावीत. ऐंशी वर्षांनी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस सापडणं अवघड, पण ऐकलेलं माणूस अजून ओसरीवर बसलेलं आहे, आणि दर पावसाळ्यात त्यांतलं एकेक कमी होतं आहे.

डिंभ्यात हे काम इतर गावांपेक्षा कठीण, हेही सांगितलं पाहिजे. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगावच या पाण्याखाली गेलं. विस्थापनात घरं हलली, पेट्या हलल्या, कागद भिजले. ज्यांना किंग जंगली म्हणाला असता, त्या महादेव कोळ्यांनी बुडालेल्या शेतांच्या वर होड्या घातल्या, जाळी विणायला शिकले, मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. पाण्याची भीती त्यांनीही अशीच, पोटासाठी, मोडली.

वैशाखात पाणी उतरतं. मग धरणाच्या वरच्या अंगाला जुन्या घरांची जोती उघडी पडतात, भेगाळलेल्या गाळातून उंबऱ्याचे दगड वर येतात. अशा वेळी एखादी आजी नातवाचा हात धरून तिथवर जाते, आणि हे अमक्याचं घर, हे तमक्याचं, यातला थोरला मुंबईला गोदीत होता, असं बोट दाखवून सांगते. या उन्हाळ्यात तिच्याबरोबर कुणीतरी वही-पेन घेऊन जावं.